‘रोज १४ तास, प्रत्येक विषयाला ४ दिवस’: एफएमजीईच्या त्या वेळापत्रकाला मुद्देसूद उत्तर

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेली मुलं आता इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत आहेत. सुदामानगर असो, लोकमान्यनगर असो की रामबाग, एफएमजीईची, म्हणजे परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करण्याआधी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची, तारीख जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक वेळापत्रक हमखास येतं. मामा पाठवतात, शेजारच्या काकू पाठवतात, आई ते छापून मुलाच्या टेबलासमोर चिकटवते. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘९० दिवसांत पास. पहाटे ४ ला उठा, रोज १४ तास अभ्यास करा. एकूण १९ विषय, प्रत्येकाला ४ दिवस, शेवटचे १४ दिवस रिव्हिजन. आधी सगळं वाचून संपवा, मगच प्रश्न सोडवा. मॉक (सराव परीक्षा) शेवटच्या आठवड्यात. दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी भरून काढा. शंका असेल तो प्रश्न सोडून द्या. नोट्स कुणाच्याही चालतील.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातली जवळजवळ प्रत्येक सूचना या परीक्षेच्या रचनेच्या विरुद्ध जाते, आणि त्याची किंमत मूल सहा महिन्यांनी मोजतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी परीक्षा नेमकी कशी आहे ते. एकूण ३०० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, पास व्हायला १५०. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. निगेटिव्ह मार्किंग नाही.

‘प्रत्येक विषयाला ४ दिवस’

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. विषयवार गुण परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या माहितीपत्रकातच छापलेले असतात, तरी वेळापत्रक करताना ते पान कुणी उघडत नाही. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) ३०. बालरोग, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, तर पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३. फॉरेन्सिक (न्यायवैद्यक) १०. मानसोपचार, त्वचारोग, भूलशास्त्र, अस्थिरोग, रेडिओडायग्नोसिस आणि रेडिओथेरपी प्रत्येकी ५. (रेडिओथेरपी तर त्या ‘१९ विषयां’त धरलेलीच नसते.)

आता चार-चार दिवसांचा हिशेब लावा. पहिले चार मोठे विषय मिळून १२५ गुणांचे, त्यांच्या वाट्याला १६ दिवस. मानसोपचार, त्वचा, भूल, अस्थिरोग आणि रेडिओडायग्नोसिस मिळून २५ गुणांचे, त्यांना २० दिवस. हा मुलगा मन लावून अभ्यास करूनही मागे पडतो, कारण त्याचे सगळ्यात ताजे दिवस सगळ्यात कमी गुणांवर गेलेले असतात.

९० दिवसच हाताशी असतील तर आम्ही वाटणी अशी करतो. पहिली फेरी ५३ दिवसांची. त्यात दर सातवा दिवस कोरा, म्हणजे अभ्यासाचे ४६. मेडिसिन ६, सर्जरी ५, स्त्रीरोग ४, पीएसएम ४, पॅथो ४. अॅनाटॉमी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी ३. फिजिओ, बायोकेम, बालरोग, डोळे, ईएनटी प्रत्येकी २. फॉरेन्सिक १. पाच-पाच गुणांच्या सहा विषयांना अर्धा-अर्धा दिवस. पॅथो १३ गुणांचीच असताना तिला ४ दिवस का, असं पालक विचारतात. मेडिसिन आणि सर्जरीचे कितीतरी प्रश्न पॅथोच्या पायावर उभे असतात, तिथला वेळ दुसरीकडे वसूल होतो. बालरोगाचं उलट: लसीकरण पीएसएममध्ये होतं, बरेच आजार मेडिसिनमध्ये झालेले असतात, म्हणून त्याला दोन दिवस पुरतात. मग दुसरी फेरी २२ दिवस, तिसरी ९ दिवस, आणि ६ दिवस पूर्णपणे चाचण्यांचे.

क्रमही महत्त्वाचा. एमबीबीएसच्या वर्षांप्रमाणे अॅनाटॉमीपासून सुरुवात केली की पहिले दहा-बारा दिवस पहिल्या वर्षाच्या विषयांतच जातात, आणि परीक्षेपर्यंत त्यातलं बरंच पुसट होतं. सुरुवात पॅथो आणि मेडिसिनने करावी. हृदयाचा भाग मेडिसिनमध्ये चालू असतानाच त्याची औषधं फार्मातून वाचावीत. मायक्रो आणि पीएसएममधले संसर्गजन्य आजार लागोपाठ ठेवावेत. पाठांतराचे बारीकसारीक तपशील, बायोकेममधली एन्झाइमं किंवा अॅनाटॉमीतली छिद्रं आणि त्यांतून जाणाऱ्या नसा, शक्य तितके उशिरा.

‘पहाटे ४ ला उठा, १४ तास अभ्यास करा’

१४ तास अभ्यास आणि ७ तास झोप धरली तर उरतात ३ तास. त्यात आंघोळ, दोन जेवणं, भंवरकुआं भागातल्या लायब्ररीत जाणं-येणं, घरच्यांशी दोन शब्द. ते बसत नाही, म्हणून झोप पाच तासांवर येते. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. तीच कापली तर तास वाढतात आणि लक्षात राहणं कमी होतं.

दुसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. पेपरचा पहिला भाग सकाळी ९ ते ११.३० आणि दुसरा दुपारी २ ते ४.३० असा असतो. पहाटे ४ ला उठणारं मूल जेवून दुपारी २ ते ४ झोपतं. जूनच्या परीक्षेची तयारी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात होते, कूलरसमोर ही झोप आपोआप लागते. तीन महिने शरीराला सवय लावली की दुपारी दोनला झोपायचं, आणि परीक्षेच्या दिवशी त्याच वेळी १५० प्रश्न समोर. दुसऱ्या भागात सोपे प्रश्न चुकण्याचं हे एक सरळ कारण आहे.

६ ला उठावं, १०.३० ते ११ च्या दरम्यान झोपावं. अवघड प्रश्नसंच मुद्दाम ९ ला आणि २ ला लावावेत. दुपारी पडायचंच असेल तर १ च्या आत, २० मिनिटं, गजर लावून. आयांनी ‘थोडा आराम कर रे’ म्हणायचं ते संध्याकाळी पाचनंतर म्हणावं. खरं काम रोज आठ तासांच्या आसपास झालं तरी पुष्कळ झालं.

‘आधी सगळं वाचा, मग प्रश्न’

हा समज फार जुना आहे आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबू. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा उलटलं: आठवणाऱ्यांना ५६ टक्के आलं, वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचल्यावर जो ‘येतंय’ असा भास होतो तो त्या पाच मिनिटांचा असतो. परीक्षा मात्र काही आठवड्यांनी आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रश्न. रोज १००: पन्नास त्या दिवशीच्या विषयाचे, पन्नास आधी झालेल्या विषयांचे मिसळून. पन्नासाला ५० मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर तपासायला ९० मिनिटं. दोन्ही मिळून ४ तास ४० मिनिटं. वाचनाला साडेतीन तास उरतात आणि तेवढे पुरतात, कारण आता काय वाचायचं ते चुकांनी दाखवलेलं असतं.

तपासणं म्हणजे बरोबर पर्यायाला टिक करून पुढे जाणं नव्हे. पीएसएमचा नेहमीचा प्रश्न घ्या: १००० लोक, आजार १०० जणांना, चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजारी असणाऱ्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटीही (निरोगींना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती टक्के? घाईत बरीच मुलं ९० लिहितात. चार खाने (आजारी-निरोगी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) काढले की दिसतं: आजारी १०० पैकी ९० पॉझिटिव्ह, निरोगी ९०० पैकीही ९० पॉझिटिव्ह. एकूण १८०, त्यात खरे ९०. उत्तर ५० टक्के. आता याच चाचणीत आजार १००० मागे १० जणांनाच आहे असं धरा: खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९, उत्तर ८ टक्क्यांच्या आसपास. चुकांच्या वहीत सूत्र उतरवून फायदा नाही, ते पुस्तकात आहेच. वहीत लिहायचं ते असं: ‘सेन्सिटिव्हिटी दिली की मी तेच उत्तर समजते. आधी चार खाने. आजार कमी तर पीपीव्ही (पॉझिटिव्ह आलेल्यांतले खरे आजारी) कमी.’ चूक कुठल्या वळणावर झाली ते एका ओळीत, त्याहून जास्त नाही. तो प्रश्न तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा सोडवायचा. तीनही वेळा बरोबर आला की खोडायचा.

चूक कुठल्या प्रकारची तेही कडेला लिहावं: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. तिसरा प्रकार जास्त निघाला तर अजून वाचून काही होणार नाही. ‘नाही’, ‘वगळता’, ‘सर्वप्रथम’ या शब्दांखाली बोट ठेवून वाचायची सवय लावावी लागते.

‘मॉक शेवटच्या आठवड्यात’

शेवटच्या आठवड्यात मॉकमध्ये काही कळलं तरी दुरुस्तीला वेळ नसतो. पहिली चाचणी पहिल्याच दिवशी, अर्ध्या पेपरची. नंतर पाच पूर्ण मॉक: पहिल्या फेरीअखेर एक, दुसऱ्या फेरीत दोन, तिसरीत दोन. प्रत्येक मॉक खऱ्या वेळेला, दोन्ही भाग एकाच दिवशी, मधलं जेवण हलकं, आणि स्क्रीनवर. कागदावर सराव केलेल्या मुलांचा वेग स्क्रीनवर पडतो, विशेषतः ईसीजी, एक्स-रे आणि डोळ्याच्या पडद्याच्या चित्रांच्या प्रश्नांत.

‘दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी भरून काढा’

भरून निघत नाही. दोन दिवसांचं एका दिवसात कोंबलं की तिसराही बुडतो. त्यासाठीच सातवा दिवस कोरा ठेवायचा. डिसेंबरच्या परीक्षेचे ९० दिवस नवरात्र-दिवाळीतून जातात, तेव्हा आपल्याकडे घर भरलेलं असतं. लक्ष्मीपूजन, भाऊबीज, ठरलेली लग्नं कॅलेंडरवर आधीच लिहून कोरे दिवस तिथे सरकवावेत. सण टाळा असं सांगण्याची गरज नाही.

‘शंका असेल तो प्रश्न सोडून द्या’

ही सूचना नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवरून उचललेली दिसते. तिथे बरोबरला ४ गुण आणि चुकल्यास १ वजा होतो. एफएमजीईत काहीच वजा होत नाही, त्यामुळे सोडलेला प्रश्न हा हातचा घालवलेला गुण आहे. १०० प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेल्या २०० ना निव्वळ अंदाजाने उत्तर दिलं तरी सरासरी ५० मिळतात, म्हणजे बेरीज बरोबर १५०. सरासरीवर विसंबू नये. नशिबाने पाच-सात गुण सहज इकडेतिकडे होतात, म्हणून मॉकमध्ये लक्ष्य १८० चं असावं. दोन पर्याय खात्रीने काटता आले तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता पावावरून निम्म्यावर जाते, ही काटाकाट सरावाने येते. वेळ संपण्याआधीच्या तीन मिनिटांत एकही उत्तर रिकामं नाही ना, ते बघायचं.

‘नोट्स कुणाच्याही चालतील’

नाही चालणार, आणि हे सर्वांत सहज तपासता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा कलम ३०२ ऐवजी १०३, निष्काळजीपणाने मृत्यू ३०४-अ ऐवजी १०६, मनोविकृतीचा बचाव ८४ ऐवजी २२. पोलिसांच्या मृत्यू-चौकशीचं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ आहे. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं नाव २०२० पासून एनटीईपी आहे, जुन्या वहीत आरएनटीसीपी हे आधीचं नाव असेल. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल होऊन २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि ठरावीक गटांसाठी २० ते २४ आठवड्यांत दोघांचं, अशी रचना आली. परदेशात शिकलेल्या मुलांनी राष्ट्रीय कार्यक्रम, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा हे तिथे फारसं पाहिलेलंच नसतं, त्यामुळे चुकीची वही हाती आली तरी खटकत नाही. सीनियरची वही घ्यायची असेल तर फॉरेन्सिक आणि पीएसएम ही दोन सोडून घ्यावी.

‘९० दिवसांत पास’

हे सगळ्यांना लागू नाही. पहिल्या दिवशीच्या १५० प्रश्नांत डोळे मिटून उत्तरं दिली तरी ३७-३८ येतात. आमच्या मते ५५ च्या खाली गुण आले तर विषय पहिल्यांदाच शिकायचे आहेत असं धरावं आणि सहा महिन्यांची योजना करावी: पहिली फेरी दुपटीने लांब, बाकी प्रमाण तेच. ५५ ते ७५ असतील तर वर दिलेली वाटणी चालते. त्याहून वर असतील तर पहिली फेरी ४० दिवसांवर आणून उरलेले दिवस मिश्र प्रश्नांना द्यावेत. ही अर्ध्या पेपरची चाचणी फॉर्म भरण्याच्या आधी घ्यावी, कारण नंतर फी भरलेली असते, नातेवाइकांना तारीख कळलेली असते, आणि मग पुढच्या वेळी बसतो असं म्हणणं मुलाला फार जड जातं.