‘मांस सोडलं’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

जय भीम दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बुद्धांनी मांस वर्ज्य केलं नव्हतं, उलट शिष्य देवदत्ताची तशी मागणी फेटाळली, आणि मी धम्माच्या आडून ब्राह्मणी शाकाहार आणतोय, असं तुम्ही म्हणता.

देवदत्ताचं खरंच आहे. बुद्धांच्या उपदेशांपैकी जीवक सुत्तातही तेच सांगितलंय: आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही, तशी शंकाही नाही, तर ते मांस भिक्षूला चालतं. पण दादा, ही सवलत पात्र घेऊन दारोदार फिरणाऱ्याची. त्याने वाढलेलं मुकाट खायचं असतं. मी दर रविवारी दुकानासमोर उभा राहून बोट दाखवायचो, ‘ती नको, मागची दे.’ पिंजऱ्यात हात शिरला की बाकीच्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढायच्या. मग काटा, सुरी, निळं पिंप. आतली फडफड थांबेपर्यंत मी सुट्टे मोजत असायचो. शंका कसली, माझ्याच सांगण्यावरून मारलेली. धम्मपदात ‘न हनेय्य न घातये’ आहे. मारू नये, मारवूही नये. त्या ‘घातये’पाशी मी अडलो.

‘ब्राह्मणी’ हा शब्द मात्र लागला. आमच्याकडून मेलेली ढोरं ओढून घ्यायची आणि तेच खाल्लं म्हणून आमचाच विटाळ मानायचा, त्या सोवळ्याशी माझं नातं नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं, ते आपण ताठ मानेनं जगावं म्हणून. मांस खाणाऱ्याला भाड्याने घर नाकारणारे आणि २०१५ चा गोवंश हत्याबंदी कायदा, दोन्हींना माझा विरोध आहे. शिवाय सोवळ्याला दूध-तूप पवित्र; मी तेही सोडलंय. गोठ्यात नर रेडकू जन्मलं की त्याच्या वाट्याला किती दूध येतं, ते गावाकडे डोळ्यांनी पाहिलंय.

बाबासाहेबांनी अहिंसेला तत्त्व म्हटलं, नियम नाही. मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी. म्हणून मी कुणाला नियम लावत नाही. आईला डॉक्टरांनी अंडी सांगितलीत, ती मीच आणतो. पण मला, पगार हातात असताना, मटकी, हरभरे, शेंगदाणे कोपऱ्यावर मिळत असताना, गरज कुठे उरली?

१४ एप्रिलच्या जेवणात काय करतोस, असंही विचारलंत. पंगतीत बसतो. रस्सा आला की हात जोडतो, डाळ-भात घेतो. शेजारच्या ताटावर एक शब्द बोलत नाही, आणि बाहेरचं कुणी बोललं तर त्या ताटाच्या बाजूने भांडतो.