नेबर ‘फुल’ दिसला म्हणून काम झालं असं नाही

नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘ओएसपीएफ खुलं स्टँडर्ड आहे, कुठल्याही दोन कंपन्यांचे स्विच जोडा. एरिया आणि टायमर सारखे ठेवा. नेबर अडकला तर एमटीयू-इग्नोर टाका. फुल दिसलं की काम झालं.’ ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना नेटवर्कचा नकाशा सांगून वाटा ठरवण्याची पद्धत; नेबर म्हणजे त्यातला शेजारचा राउटर, ‘फुल’ ही त्याच्याशी जुळणीची शेवटची अवस्था आणि एरिया म्हणजे नेटवर्कचा एक भाग. नवीन मुलं एवढ्याच भांडवलावर रात्रीच्या चेंज विंडोला (बदल करायच्या ठरलेल्या वेळेला) बसतात आणि पहाटेपर्यंत डोकं धरून राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टायमरचं बरोबर आहे. हेलो (ओळखीचं पॅकेट दर किती सेकंदांनी पाठवायचं) आणि डेड (ते किती वेळ आलं नाही तर शेजारी गेला समजायचं) इंटरव्हल जुळले नाहीत तर ओएसपीएफ समोरचं हेलो टाकून देतो. पण हाच नियम लोक बीजीपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉललाही लावतात, आणि ते चूक. तिथे दोन्ही बाजू आपापला होल्ड टाइम (किती सेकंद वाट पाहायची) सांगतात आणि लहान आकडा ठरतो. एकीकडे १८०, दुसरीकडे ९० असेल तर ९० धरून सेशन उभं राहतं.

आता एमटीयू-इग्नोर. एमटीयू म्हणजे लिंकवरून जाणाऱ्या एका पॅकेटचा कमाल आकार, आणि इग्नोर म्हणजे तो जुळतो का हे तपासू नको, असं सांगणारं सेटिंग. या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. सिस्को कंपनीच्या नेक्सस स्विचच्या राउटेड पोर्टवर एमटीयू ९२१६ लिहिला, समोर ज्युनिपर कंपनीच्या स्विचच्या इंटरफेसवरही ९२१६. कागदावर आकडे जुळले, तरी नेबर एक्सस्टार्टमध्ये, म्हणजे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याआधीच्या अवस्थेत, अडकतो. कारण ज्युनिपरच्या आकड्यात इथरनेट हेडरचे १४ बाइट धरलेले असतात, आयपीसाठी ९२०२ उरतात. नेक्ससच्या आकड्यात ते नसतात. ओएसपीएफच्या नियमाने समोरचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा दिसला की लहानवाला डेटाबेसचं पॅकेट नाकारतो, त्यामुळे मोठ्या बाजूला इग्नोर टाकून काहीच होत नाही. लहान बाजूला टाकलात तर तपासणी गप्प होते, पण तारेवरची मर्यादा तेवढीच राहते. छोटे पिंग जातात, बॅकअपची मोठी फाइल मात्र लटकते. त्यापेक्षा आयपी एमटीयू ठरवा: समजा ९०००, म्हणजे नेक्ससवर ९००० आणि ज्युनिपरवर ९०१४. मग डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका, ही खूण) लावून ८९७२ बाइट डेटाचा पिंग मारा. आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे, म्हणजे पिंगच्या हेडरचे, ८ धरून बरोबर ९००० होतात.

राहिलं ‘फुल’. दोन शेजाऱ्यांचे डेटाबेस जुळले, एवढंच तो शब्द सांगतो. एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट (एका लिंकवर अनेक राउटर) आणि दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट (फक्त दोन टोकं) असेल तरी नेबर फुल होतो, कारण इथरनेटवर टायमर दोन्हीकडे १० आणि ४० असू शकतात. पण त्याच लिंकचं वर्णन दोघं वेगवेगळं करतात, एसपीएफला, म्हणजे सगळ्यात स्वस्त वाट काढणाऱ्या गणिताला, दोन्ही टोकं जुळत नाहीत आणि पलीकडचे रूट टेबलात येतच नाहीत. नेबरची यादी पाहून उठलात तर हे कळणारच नाही.

याहून वाईट प्रकार असा की रूट येतात, पण ते पॅकेटांना लूपमध्ये फिरवतात. एकाच बाहेरच्या नेटवर्ककडे अनेक वाटा असतील तर कुठली निवडायची, याचा नियम १९९७ च्या आरएफसी २१७८ ने बदलला आणि १९९८ च्या आरएफसी २३२८ ने तोच ठेवला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज). जुना आरएफसी १५८३ फक्त कॉस्ट, म्हणजे वाटेच्या खर्चाचा आकडा, पाहतो. नवा नियम आधी बॅकबोन (मधला मुख्य एरिया) सोडून इतर एरियांतल्या अंतर्गत वाटेला मान देतो. सिस्कोच्याच कॅटॅलिस्ट स्विचच्या आयओएस या सॉफ्टवेअरमध्ये जुन्याशी सुसंगतता डीफॉल्टनेच चालू असते, नेक्ससवर बंद. जुन्या कॅटॅलिस्टशेजारी नवीन नेक्सस ठेवला आणि अशा अनेक वाटा असल्या, तर एक दुसऱ्याकडे पाठवू शकतो, दुसरा परत पहिल्याकडे, आणि ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसतात. नेबर सगळे फुल! संपूर्ण डोमेनमध्ये हे सेटिंग एकसारखं ठेवा, असं आरएफसी २३२८ मध्येच लिहिलं आहे. नेक्ससवर ओएसपीएफच्या प्रोसेसखाली ‘आरएफसी१५८३कंपॅटिबिलिटी’ ही एक ओळ टाकली की दोघं एकाच नियमाने वाट निवडतात.

तिथेच असताना रेफरन्स बँडविड्थही पाहून घ्या; तिला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट निघते, किमान १. आयओएसवर ती १०० एमबीपीएस असते, नेक्ससवर ४० जीबीपीएस. त्यामुळे त्याच १० गिगच्या लिंकची कॉस्ट एकाला १ वाटते, दुसऱ्याला ४. कॅटॅलिस्टवर ४०००० लिहा.