डावी नाकपुडी सुटली

परवा मिरजेतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर सात-आठ माणसांदेखत मला अंगावर पिणारं बाळ ठरवण्यात आलं. वय वर्षं ४६.

मला नाकात थेंब टाकायची सवय आहे. सर्दी कधीच गेली, थेंब राहिले. तीन वर्षं झाली. पाकीट विसरलो तर चालतं, बाटली विसरलो तर अर्ध्या वाटेतून रिक्षा वळवतो. मामाच्या दहाव्याला सगळे कावळ्यासाठी माना वर करून उभे होते, मी थेंबांसाठी. कुणाला पत्ता लागला नाही.

शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरीणबाईंनी फोड करून सांगितलं. या थेंबांतलं झायलोमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून नाक मोकळं होतं. पण आठवड्यापलीकडे ओढलं की डाव उलटतो. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. उपाय असा, की आधी एकच नाकपुडी सोडवायची, दुसरीचा रतीब चालू ठेवायचा, आणि पहिली सुधारली की दुसरी. "हळूहळू वीन ऑफ व्हायचं," बाई म्हणाल्या.

शब्द मला भलताच आवडला. 'सोडतोय' म्हटलं की डोळ्यांपुढे तंबाखूची पुडी येते. शिवाय आपल्याकडे सोडायचं ते एका फटक्यात, देवासमोर हात ठेवून. मागच्या दारानं, पाय न वाजवता सोडायला मराठीत सुटसुटीत क्रियापदच नाही. 'वीन ऑफ' कसं इस्त्री केल्यासारखं वाटतं.

तर मेडिकलमधल्या पोरानं मला बघताच, न विचारता, दोन बाटल्या पुढे सरकवल्या. मी एक परत ढकलली आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "एकच. आय ॲम वीनिंग ऑफ."

"काय म्हणालात?" मागून आवाज आला. साखर तपासायच्या पट्ट्या घ्यायला आलेले एक काका. हायस्कुलात ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "वीन? डब्ल्यू, ई, ए, एन?"

"हो. म्हणजे हळूहळू सवय..."

"वीन म्हणजे मूल अंगावरून तोडणे." त्यांनी हवेत खडूनं लिहिल्यासारखं केलं. "आई आहेत का?"

"आहेत."

"आणि या वयात?"

रांग हसली. मी बाटली दाखवली. त्यावर काका म्हणाले, "म्हणजे वरचं दूध!" कडेवर पोर घेतलेल्या एका ताईंना माझी खरीच दया आली. "दादा, आमच्या सासूबाईंनी कोरफड लावायला सांगितली होती. कडू लागतं ना. दोन दिवसांत सुटला हा." काकांनी तत्काळ निकाल दिला, "मग बाटलीच्या तोंडाला कोरफड लावा."

"जेल देऊ का?" पोरगा म्हणाला. "दीडशेला आहे."

या पोराचा मला खरा राग आहे. तीन वर्षांत यानं एकदाही 'साहेब, रोज कशाला लागतं हे?' असं विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापायची सक्ती आहे. माझ्या बाटलीवरची सूचना वाचायला चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून, उजेडाकडे जावं लागतं. बरं, वाचली तरी काय? नाक चोंदलेला माणूस रात्री दोन वाजता वाचन करत नाही.

घरी येऊन चडफडत कोश काढला. काकांचं बरोबर निघालं, हे जास्त झोंबलं. पण या शब्दाचं जुन्या इंग्रजीतलं मूळ 'सवय लावणे' असं आहे, सोडवणं नंतर आलं. म्हणजे त्या हिशेबानं मी तीन वर्षं इमानेइतबारे वीनच होत होतो. हे सांगायला पुन्हा मेडिकलमध्ये जावं असं फार वाटलं. बायकोनं अडवलं.

आज अकरावा दिवस. डावी सुटली. उजवी अजून हट्टाला पेटलेली आहे. सकाळी फिरायला गेलो तर समोरून काका, बरोबर काकू.

"सुटलं का?" काकांनी लांबूनच विचारलं.

"डावीकडचं सुटलं."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरी सगळी हकीकत पोचलेली दिसत होती.

"मग उजवीकडे कोरफड कमी पडली असेल," त्या म्हणाल्या.