व्यसने: इतर

दाढ ठणकत होती म्हणून डेंटिस्टकडे गेलो. वेळ जावा म्हणून पुस्तक घेऊन गेलो. बास, एवढाच माझा गुन्हा.

पुस्तक विल्यम बरोजचं 'जंकी'. गेले दोन महिने मी ड्रग्जवरच्याच कादंबऱ्या वाचतोय, का ते विचारू नका, एक घेतली की दुसरी घ्यावीशी वाटते (हे वाक्य रिसेप्शनवर बोलायचं नसतं हे आता कळलंय). तिथली मुलगी फॉर्म भरत होती. बीपी, शुगर, ॲलर्जी, सगळं धडाधड. मग आलं 'व्यसने'. तंबाखू? नाही. दारू? नाही. इतर? नाही म्हणालो तर पेन तिथेच अडकलं, नजर पुस्तकावर. "सर, खरं सांगा हं, भुलीचं इंजेक्शन द्यायचंय." आवाज असा की कूलरपाशी पेंगणारा माणूसही जागा झाला.

शेजारच्या काकू सरसावल्या. "काय नाव आहे हो पुस्तकाचं?"

"जंकी."

"म्हणजे?"

"म्हणजे व्यसनी. ड्रग्जवाला."

"तुम्ही?"

"अहो नाही, पुस्तक!"

काकूंनी पर्स पलीकडच्या बाजूला घेतली. दोन मिनिटांनी बहुतेक दया आली, कारण अहोवरून एकदम अरेवर आल्या. "घरी माहितीये का रे?"

समोरचे गृहस्थ मुखपृष्ठावर रक्ताळलेला चाकू असलेलं काहीतरी वाचत होते, त्यांना कोणी विचारलं नाही घरी माहितीये का.

१९५३ साली 'जंकी' पहिल्यांदा निघालं ते टोपणनावाने, आणि त्याच बाइंडिंगमध्ये उलट्या बाजूने अमली पदार्थविरोधी खात्यातल्या एका माणसाच्या आठवणी जोडलेल्या, म्हणजे इकडून नशेबाज आणि पुस्तक पालथं केलं की पोलीस. ती आवृत्ती हाताशी असती तर काकूंकडे पोलिसाची बाजू करून बसलो असतो. आणि वाचून बिघडावं असं त्यात आहे तरी काय? नशा चार ओळीत आटपते, बाकी सगळं माल कुठे मिळेल, कुठला डॉक्टर चिठ्ठी लिहून देईल, कोण पैसे बुडवेल. हिशेबाच्या वहीसारखं कोरडं, म्हणूनच मला आवडलं. अर्विन वेल्शचं 'ट्रेनस्पॉटिंग' लोक डोक्यावर घेतात, पण एडिंबरोच्या पोरांची ती बोली मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मोठ्याने वाचावं तर दर ओळीत शिवी. वाचायचं कुठे, बाथरूममध्ये?

"पण बाळा, असलं वाचायचंच कशाला?"

मग मी काकूंना ह्यूबर्ट सेल्बीच्या 'रेक्विएम फॉर अ ड्रीम'मधली आई सांगितली. १९७८ची कादंबरी. मुलगा हेरॉइनमध्ये बुडालेला, पण मला मुलगा फारसा लक्षातच राहिला नाही, आई राहिली. विधवा, एकटी, दिवसभर टीव्ही. एक दिवस फोन येतो, तुम्हाला टीव्हीवर बोलावू म्हणून. झालं, जुना लाल ड्रेस काढते, अंगात शिरत नाही. डॉक्टर वजन कमी करायच्या गोळ्या देतो, दिवसाच्या वेगळ्या, रात्रीची वेगळी, तिच्याकडे धड बघतही नाही. मग तिला घरातल्या फ्रिजचीच भीती वाटायला लागते.

काकूंनी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. "अगं बाई! मग ड्रेस झाला का?"

"हळूहळू व्हायला लागला."

"आणि गेली का टीव्हीवर?"

तेवढ्यात माझा नंबर आला.

खुर्चीत आडवा पडल्यावर खरा राग आला. भूल द्यायच्या आधी विचारायलाच हवं, मान्य. पण समजा मी खरंच काही घेत असतो, तर वीस कान टवकारलेले असताना तिला खरं सांगितलं असतं? दार लावून विचारा की. मुद्दा डॉक्टरांकडे काढणार होतो, पण तोवर तोंडात आरसा, नळी आणि त्यांची दोन बोटं गेली होती.

बाहेर आलो तेव्हा अर्धा चेहरा माझा नव्हता. ओठ लोंबलेला, हनुवटीवर लाळ, तोंडात कापूस, काखेत 'जंकी'. काकू वाटच बघत होत्या. "गेली का रे टीव्हीवर?"

नाही म्हणालो. ते "आई" असं बाहेर पडलं. म्हणून जोरात मान हलवली तर तोल गेला आणि कूलर धरावा लागला. काकूंनी रिसेप्शनकडे बघितलं, रिसेप्शनने काकूंकडे.

पैसे देताना माझी फाइल उघडीच होती. 'इतर'समोर निळ्या पेनाने ठसठशीत प्रश्नचिन्ह. "हे खोडा," मी म्हणालो, निदान म्हणायचा प्रयत्न तरी केला, आणि तिने माझ्यासमोर टिश्यूचा बॉक्स सरकवला.