सारा बर्नारचा लाकडी पाय आणि फॉरवर्डमधला हॅम्लेट

जागतिक रंगभूमी दिन जवळ आला की एक मजकूर नाट्यप्रेमींच्या गटांत हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: फ्रान्सची महान नटी सारा बर्नार (आपल्याकडे इंग्रजी वळणाने बर्नहार्ट) हिचा पाय कापावा लागला. तिने हार मानली नाही. लाकडी पाय लावून ती हॅम्लेट झाली, जगातली पहिली स्त्री हॅम्लेट. कापलेल्या पायासाठी बार्नम या सर्कसवाल्याने दहा हजार डॉलर देऊ केले. ती शवपेटीत झोपायची. सिनेमाला तिने तुच्छ लेखलं आणि अखेर रंगमंचावरच प्राण सोडला. शेवटी हात जोडलेले आणि ‘जिद्द असावी तर अशी’.

जिद्द होतीच. मजकुरातलं बाकीचं बरंचसं मात्र पाडून टाकावं लागेल.

आधी लाकडी पायावरचा हॅम्लेट. साराने हॅम्लेट केला मे १८९९मध्ये, पॅरिसमधल्या तिच्या स्वतःच्या थिएटरात. पाय कापला २२ फेब्रुवारी १९१५ रोजी, बोर्दोमध्ये. मध्ये जवळपास सोळा वर्षं गेली. तारखांवर विश्वास नसेल तर डोळ्यांनी बघा. १९००च्या पॅरिस प्रदर्शनासाठी क्लेमाँ मोरीस यांनी तिच्या हॅम्लेटचं द्वंद्व चित्रित केलं होतं आणि ती दोन मिनिटांच्या आतली फीत आजही सहज बघायला मिळते. काळ्या घट्ट विजारीतली पंचावन्न वर्षांची बाई लाएर्तीसवर तलवार चालवते, नाटकातल्या त्या प्रतिस्पर्ध्यावर पुढे झेपावते, मागे सरकते. दोन्ही पाय शाबूत आहेत आणि कामात आहेत.

लाकडी पाय तिने लावून पाहिला आणि नाकारला. कुबड्याही नकोत म्हणाली. तिच्यासाठी पालखीसारखी खुर्ची केली होती. दोघे जण ती उचलून न्यायचे आणि पडदा उघडण्याआधी बाई जागेवर बसलेली किंवा आडवी झालेली असायची. पुढचा सगळा खेळ चेहरा, हात आणि आवाज यांचा. १९१६ ते १९१८च्या अमेरिका दौऱ्यातल्या तिच्या भूमिका बघा: रणांगणात झाडाखाली पडलेला जखमी फ्रेंच सैनिक, ‘ला दाम ओ कामेलिया’ची मरणशय्येवरची नायिका मार्गरीत, ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या न्यायालयातली पोर्शिया. चालावं लागणार नाही असेच प्रवेश तिने निवडून घेतले होते. मला तरी त्या काल्पनिक लाकडी पायापेक्षा ही निवड जास्त थक्क करणारी वाटते. त्याआधी, १९१६मध्येच, ती पहिल्या महायुद्धाच्या आघाडीजवळच्या सैनिकांपुढे प्रयोग करून आली होती, त्याच खुर्चीतून. तेव्हा वय एकाहत्तर.

पाय कापण्याचा आग्रह तिचाच. १९०५मध्ये रिओ दी जानेरोत ‘तोस्का’ नाटकातल्या शेवटच्या उडीत गुडघा फुटला असं सांगतात, पण त्या गुडघ्याचं दुखणं त्याआधीचंच होतं आणि ते अंगावर काढतच तिने पुढची अनेक वर्षं रेटली. मित्र असलेले शल्यविशारद पोझी स्वतः शस्त्रक्रिया करायला धजावले नाहीत, ती बोर्दोत डॉ. दनुसे यांनी केली.

बार्नमबद्दल फार लिहायला नको. बार्नम वारला १८९१मध्ये. १९१५मध्ये कापलेल्या पायाची बोली तो कुठून लावणार?

‘पहिली स्त्री हॅम्लेट’ हेही खोटं. इंग्लंडमध्ये नटी सारा सिडन्स अठराव्या शतकातच हॅम्लेट करून मोकळी झाली होती आणि अमेरिकेच्या शार्लट कुशमननेही १८५१मध्ये तो केला होता. बर्नारचं वेगळेपण दुसरीकडे आहे. पद्यात गाळीव, गुळगुळीत केलेला हॅम्लेट बघायची फ्रेंच प्रेक्षकाला सवय होती. तिने मार्सेल श्वॉब आणि यूजेन मोराँ यांच्याकडून गद्य रूपांतर करून घेतलं आणि हळव्या, घुटमळणाऱ्या राजपुत्राऐवजी ठाम, तडफदार हॅम्लेट उभा केला. पुढच्याच वर्षी नाटककार रोस्ताँच्या ‘लेग्लाँ’मध्ये ती नेपोलियनचा एकवीस वर्षांचा मुलगा झाली.

शवपेटीचं मात्र खरं आहे. पेटी होती, तीत झोपलेला तिचा फोटोही होता. आजारी बहिणीला पलंग दिला आणि जागा नसल्याने आपण पेटीत झोपलो, असा खुलासा तिने आत्मचरित्रात केलाय. तो कितपत पटवून घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. फोटो खपले, चर्चा झाली आणि चर्चेचं तिकीट कसं करायचं हे तिला पुरेपूर कळत होतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही व्यवहारी बाई दिसतच नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. १८८०मध्ये कोमेदी-फ्राँसेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेतली मानाची जागा तिने सोडली, करार मोडल्याचा भुर्दंड सोसला आणि स्वतःची मंडळी घेऊन अमेरिका गाठली. पुढे रनेसाँस थिएटर चालवलं, मग शातले चौकातलं मोठं थिएटर भाड्याने घेऊन त्याला स्वतःचं नाव दिलं. नाटक निवडण्यापासून दौरे ठरवण्यापर्यंत शेवटचा शब्द तिचा. १९०६च्या सुमारास अमेरिकेतल्या थिएटर-मक्तेदारांनी दारं बंद केली तेव्हा टेक्ससमध्ये तिने चक्क तंबू ठोकून प्रयोग केले. असल्याच एका दौऱ्यात, १८९६मध्ये न्यूयॉर्कला, स्वामी विवेकानंदांनी तिचं ‘इझेइल’ पाहिलं. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या गणिकेचं ते नाटक. स्वामीजींनी पत्रात त्या ‘फ्रेंच झालेल्या बुद्धा’ची मिस्कील टिंगल केली आहे, पण प्रेक्षकांत त्यांना ओळखून बाईने भेटायला बोलावलं आणि त्या भेटीला विजेचा संशोधक टेस्लाही होता, हेही त्यातच लिहिलंय.

आता सिनेमा. १९०८मधला ‘तोस्का’चा प्रयत्न तिला आवडला नव्हता, एवढ्यावरून ‘तुच्छ लेखलं’ असा निकाल देता येत नाही. १९१२मध्ये राणी एलिझाबेथवरचं तिचं नाटक पॅरिसात आपटलं, तर तिने त्याच विषयाचा चित्रपट केला. शेवटी राणी समोर रचलेल्या उशांच्या ढिगावर तोंडघशी कोसळते. आज बघताना हसू येतं, कारण कॅमेरा हलत नाही आणि हातवारे शेवटच्या रांगेसाठी केलेले आहेत. तरीही अमेरिकेतले हक्क घेऊन निर्माते अॅडॉल्फ झुकर यांनी फेमस प्लेयर्स कंपनीची सुरुवात याच चित्रपटाने केली. पुढच्या पॅरामाउंटचं एक मूळ तिथे आहे. पाय गेल्यावरही ‘झान दोरे’ आणि ‘मेर फ्राँसेझ’ हे चित्रपट तिने केले. तुच्छ लेखणारी माणसं इतक्यांदा परत येत नाहीत.

राहिला रंगमंचावरचा मृत्यू. १९२२च्या अखेरीस नाटककार साशा गित्रीच्या नाटकाच्या तालमींच्या काळात ती कोसळली आणि ती भूमिका सुटली. त्यानंतर ज्या सिनेमाला तिने म्हणे तुच्छ लेखलं, त्याचंच चित्रीकरण तिच्या बुलव्हार पेरेरवरच्या घरात सुरू झालं, कारण तिला बाहेर नेणं शक्य नव्हतं. ‘ला व्हॉयांत’ अर्धवट असतानाच, २६ मार्च १९२३ रोजी, मूत्रपिंडाच्या विकाराने ती त्याच घरात गेली. उरलेले प्रसंग दुसरी नटी उभी करून उरकावे लागले. रंगमंचावर प्राण सोडण्याची कथा बहुधा फ्रेंच नाटककार-नट मोलिएरवरून उसनी घेतलेली असावी. गंमत म्हणजे तोही १६७३मध्ये प्रयोग पुरा करून घरी गेला आणि काही तासांनी तिथेच वारला.