एका पानाचे दोन पानांचे पैसे का लावले? – मालकाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देते. मेलबर्नमधली आपली मंडळी कुठेही जाण्याआधी हे रिव्ह्यू वाचतात, त्यामुळे गप्प बसणं मला परवडणारं नाही. तुम्ही माझ्याकडे दुरुस्तीला आणि मजकूर उतरवून घ्यायला दिलेली सासूबाईंच्या पणजोबांची वही त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हातात पडली नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते. एकच तारा दिलात, तोही सोसेन. पण "एका पानाचे दोन पानांचे पैसे लावले, सरळसरळ लुबाडणूक" हे वाक्य काही केल्या गिळवत नाही.

ती वही मी ओळ न् ओळ वाचली आहे. 1857 साली लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेल्या शिडाच्या जहाजावर, सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या डेकवर बसून एका तरुण सुताराने ती लिहिली. (जहाजाचं नाव इथे देत नाही, तुमच्या घरची गोष्ट आहे.) विषुववृत्ताजवळ वारा पडला आणि जहाज दिवसचे दिवस जागच्या जागी डुलत राहिलं. प्रवास लांबला, वही मात्र संपत आली. भर समुद्रात कागद आणायचा कुठून? मग त्याने त्या काळी लोक पत्रात करायचे तेच केलं. भरलेलं पान काटकोनात फिरवलं आणि आधीच्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी लिहून काढल्या. कागद एक, मजकूर दोन.

तुम्ही फोटो टाकलाय तेच पान बघा. आडव्या ओळींत उकाडा आहे, खारट डुकराचं मांस आहे, आणि त्यांच्या टेबलावरच्या एकाने बिस्किटं जास्त घेतली म्हणून झालेलं भांडण आहे. त्यावरून गेलेल्या उभ्या ओळी बऱ्याच नंतरच्या. तेव्हा जहाज चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यात शिरलं होतं. थंडीने बोटं वळत नाहीत असं तो लिहितो, आणि पुढच्याच ओळीत शेजारच्या बिछान्यातल्या बाईचं तान्हं मूल कापडात शिवून समुद्रात सोडल्याचं. हे एक पान कसं धरायचं, तुम्हीच सांगा. मी दर ठरवते तो मजकुरावर. कागदाच्या तुकड्यांवर नाही. मेहनत तर दुपटीहून जास्त, कारण एक ओळ वाचताना दुसरी डोळ्यांनी बाजूला सारावी लागते. तिरका प्रकाश पाडून, भिंग लावून, एकेक शब्द.

"मोबाईलमधलं अ‍ॅप हे फुकटात करतं" असंही तुम्ही लिहिलंत. मी तुमच्यासमोरच ते करून दाखवलं होतं, आठवत असेल. अ‍ॅपने त्या बाळाच्या अंत्यविधीत बिस्किटं घुसवली होती.

जिथे खरोखरच अक्षर लागलं नाही, तिथे मी चौकोनी कंसात "वाचता येत नाही" असं लिहिलं. त्यालाही तुम्ही आळस म्हणालात. अंदाजाने वाक्य भरून देणं मला सोपं होतं, आणि तुम्हाला कधी कळलंही नसतं! जहाजाचं नाव अर्धं पुसलं होतं, तेही मी व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारातल्या प्रवाशांच्या याद्यांशी ताडून नक्की केलं. ते काम बिलात कुठेच नाही. बघा हवं तर.

आता उशिराचं. वही तुम्ही आणलीत तेव्हा सात-आठ पानांवर सेलोटेप होता, आणि पहिलं पान घरच्या मशीनवर लॅमिनेट केलेलं. हेतू चांगला होता, मला कळतं. पण ही शाई माजूफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची. तिच्यातलं लोह आणि आम्ल वर्षानुवर्षं कागद खात राहतं, अक्षराच्या जागी भोकं पडतात. पाणी लावलं तर लोह आजूबाजूला पसरतं, म्हणजे पानं भिजवून टेप सोडवायची सोयच नाही. जुना गोंद इंच-इंच करून काढायचा, मग जिलेटिन लावलेला पातळ जपानी कागद जेमतेम ओलसर करून फाटक्या कडांना बसवायचा. घाई केली असती तर वाढदिवसाला वही मिळाली असती, त्यातला मजकूर मिळाला असता का, याची खात्री देता आली नसती. हे सगळं मी वही घेताना बोलले होते. त्या दिवशी तुमचे यजमान बाहेर गाडीत थांबले होते आणि तुम्ही घाईत होतात, तेही खरं. दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आडव्या-उभ्या लिखाणाचा दर छापलेला आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. मी ती इथे टाकणार नाही.

माझं हे वर्कशॉप म्हणजे एक खोली, मी, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी एक मुलगी. मोठ्या ग्रंथालयांची कामं आमच्याकडे येत नाहीत. तुमच्यासारख्या घरांतल्या वह्यांवरच आमचं चालतं. म्हणून "लुबाडणूक" हा शब्द तेवढा काढता आला तर बघा. बाकी रिव्ह्यू राहू दे.

यापुढे दर तोंडी सांगून न थांबता आधी मेसेजवर पाठवू, आणि तारखांचंही काहीतरी नीट बसवू. तुमच्या बिलातून काही कमी करता येईल का, ते फोनवर बोलू. इथे आकडे नकोत.

आणि एक, ताई. ते लॅमिनेट केलेलं पहिलं पान मी मुद्दाम तसंच ठेवलंय, कारण ते सोडवताना शाई प्लास्टिकबरोबर निघून येण्याची भीती आहे. त्याचा चांगला फोटो काढून मजकूर उतरवून दिला आहे. कुणी "इस्त्री फिरवली की सुटतं" म्हणालं, तर कृपा करून ऐकू नका.