दम धरायचा की दाखवायचा?

जर्मनीत आमच्या बव्हेरिया राज्यात शाळेला उन्हाळी सुट्टी लागते ती ऑगस्टच्या तोंडावर, सहा आठवडे. दोन दिवस आधी पोरं घेऊन निघालात तर दंड होतो. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात विमानतळावर पोलीस सरळ विचारतात, "आज शाळा नाही का?" त्यामुळे म्युनिकहून मी सोलापूरला माहेरी येते ती आंबे संपल्यावर, श्रावणात. आईच्या मते जर्मन लोकांना एवढंही कळत नाही.

लेक नऊ वर्षांची. पहिलीपासून शाळेत चालत, एकटी जाते. पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवायचा म्हणजे काठावरून उडी मारायची, 25 मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू वर आणायची. तिनं तो मिळवला तेव्हा मी बाकावर चिडीचूप बसले होते. बाकीच्या आया गप्प होत्या, मग मी कशी ओरडणार?

विजापूर रोडला आमच्या कॉलनीत दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "शेंगदाणे मी आणू?" दुकान कोपऱ्यावर. आई म्हणाली, "एकटी? काय सांगायलीस!" मी तोऱ्यात म्हटलं, जाऊ दे गं. आठव्या मिनिटाला चपला अडकवून मीच धावले. दुकानदार जेवायला गेला होता आणि त्याच्या बायकोनं लेकीला तेलाच्या डब्यावर बसवून ठेवलं होतं. मला बघून लेकीचं तोंड असं उतरलं की विचारू नका. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझा दम विमानातच ऱ्हायला वाटतं."

फॅमिली ग्रुपवर हा वाद दर उन्हाळ्यात पेटतो. तिकडची पोरं कशी धीट, आपली कशी लाडावलेली, असं एक मामा लिहितात. दुसरे लिहितात, तिकडची माणसंच कोरडी. मला दोन्ही पटत नाही. म्युनिकमध्ये माझ्या अंगात धाडस आहे म्हणून पोर एकटी जात नाही. तिथं फुटपाथ आहे, आणि झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. सोलापुरात जड वाहतूक शहराबाहेरून न्या, ही मागणी मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. सात रस्ता चौक ओलांडताना अजून मीच कुणाचा तरी हात शोधते. तेव्हा आजीचं भिणं मला अडाणीपणाचं वाटत नाही.

मला खटकतो तो तिचा पाण्याबाबतचा दम. चार-पाच दिवसांआड नळ येतो, तोही कधी रात्री दोनला, कधी पहाटे. आई त्या आवाजाला झोपेतही ओळखते. मोटर, पाइप, पिंप, हंडे, कळशा, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवते. वर म्हणते, "येतंय की. कुठं जातंय?" उन्हाळ्यात एक वेळ समजू शकते. पण ऑगस्टमध्ये? 'उजनी प्लसमध्ये आली' म्हणून पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरत होते. या धरणाची क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी. पातळी त्याच्या वर गेली की प्लस, खाली उतरली की मायनस, अशी इथली भाषा. पुढं धरण भरलं तरी आमचा नळ चार दिवसांनीच आला. पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून पाइपनं यायचं, मग टाक्यांत चढायचं, मग गल्लीत उतरायचं. समांतर जलवाहिनीची चर्चा वर्षानुवर्षं ऐकली, पण शहरातल्या टाक्या आणि जुने पाइप यांवर ग्रुपवर कुणी भांडत नाही. घागर मोर्चे निघतात ते मे महिन्यात. पाऊस पडला की घागरी परत मोरीत.

शहरात दम नाही असं नाही. 1930 मध्ये इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला होता, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा पुतळ्यापाशी रिक्षा थांबवून मी लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग पाण्याचं कुणी विचारत का नाही?" रिक्षावाले काका मागं न बघताच हसले.

जर्मनीत मोर्चे फार बघितले नाहीत मी. तिथं माणूस पत्र लिहितो. क्रमांक मिळतो. दोन महिने थांबतो, मग त्या क्रमांकासह दुसरं पत्र लिहितो. माझा राहण्याचा परवाना अडकला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला हेच शिकवलं, आणि मला तो प्रकार भयंकर रटाळ वाटला होता. आता वाटतं, तोही दमच, फक्त गप्प बसणारा नाही. अर्थात सहा आठवडे बाटलीबंद पाणी पिऊन परत जाणाऱ्या पाहुणीनं हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

सांगितलं ते लेकीनं, तिच्या पद्धतीनं. एका रात्री आजीबरोबर उठली आणि शंभर पानी वहीत लिहिलं: नळ 2.40, बंद 4.05, मागच्या वेळेनंतर पाचवा दिवस. पुढच्या खेपेलाही लिहिलं. निघताना वही फ्रिजवर ठेवून आली.

परवा आईचा फोन आला. तब्येतीचं विचारायच्या आतच म्हणाली, "सव्वातीनला आलं गं आज. लिवलंय. समोरच्या काकूबी त्यांच्या नळाचं लिवायला लागल्यात. सोमवारी दोघी वही घेऊन हापिसात जाणार हाय."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तर पुढच्या सोमवारी."